पृथ्वीचे दप्तर

दप्तर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे रुमालांत बांधलेले कागद येतात. पुण्याचे पेशवे दप्तर असो की एखाद्या गावच्या कुलकर्ण्याचे, त्यात वतने, वसुली, तंटे, करारमदार यांची नोंद सापडते. परंतु त्या काळच्या घराचे दार कसे होते, कुंभाराने बाजारात मडकी कशी रचून ठेवली होती, वाटेने जाणाऱ्या बाईच्या लुगड्याचा रंग कोणता होता, हे त्या कागदांतून क्वचितच कळते. ज्या गोष्टी रोज दिसतात त्यांची नोंद करण्याची गरज कोणासच वाटत नाही, आणि म्हणून त्याच सर्वांत आधी विस्मृतीत जातात. ही उणीव भरून काढण्याचा एक विलक्षण उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील आल्बेर कान नावाच्या एका पेढीवाल्याने आरंभिला. १९०९ ते १९३१ या काळात कान यांनी आपल्या पदरचे छायाचित्रकार सुमारे पन्नास देशांत धाडले आणि इमारती, निसर्गदृश्ये, रस्ते, शेते, माणसे व त्यांच्या नित्य वापरातील वस्तू यांची सुमारे ७२ हजार रंगीत छायाचित्रे काचेवर उतरवून घेतली. या संग्रहास त्यांनी दिलेल्या फ्रेंच नावाचा मराठीत सरळ अर्थ ‘पृथ्वीचे दप्तर’ असाच होतो.

कान यांचा जन्म मार्च १८६० मध्ये आल्सास प्रांतातील मार्मूतिए या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील गुरांचे व्यापारी होते. वयाच्या दहाव्या वर्षी आईचे छत्र हरपले आणि त्याच सुमारास फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. युद्धाअंती आल्सास जर्मनीकडे गेला. घर जागेवरच राहिले, पण देश बदलला. सोळा वर्षांचा हा मुलगा पुढे पॅरिसला आला, गुडशो यांच्या पेढीवर कारकून म्हणून लागला आणि सायंकाळी शिकवणी लावून अभ्यास करू लागला. शिकविणारा तरुण त्याच्याहून काही महिन्यांनीच मोठा होता. त्याचे नाव आंरी बेर्गसाँ. पुढे थोर तत्त्वज्ञ म्हणून जगन्मान्य झालेल्या व १९२७ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या शिक्षकाशी कान यांचा स्नेह जन्मभर टिकला. दक्षिण आफ्रिकेतील सोने व हिरे यांच्या खाणींच्या व्यवहारांत कान यांनी अमाप पैसा मिळविला. १८९२ मध्ये ते पेढीचे भागीदार झाले आणि १८९८ मध्ये त्यांनी स्वतःची पेढी काढली.

त्याच वर्षी त्यांनी तरुण शिक्षकांसाठी जगप्रवासाची शिष्यवृत्ती सुरू केली. जग डोळ्यांनी पाहून यावे आणि मग वर्गात उभे राहावे, अशी अपेक्षा होती. १९०५ पासून ही शिष्यवृत्ती शिक्षिकांनाही खुली झाली. एकमेकांस न पाहिलेली माणसेच एकमेकांविरुद्ध सहज शस्त्र उचलतात, अशी कान यांची धारणा होती. ज्याने बालपणी आपले गाव एका सहीने परक्या राज्यात गेलेले पाहिले, त्याची अशी धारणा व्हावी यात नवल नाही.

नोव्हेंबर १९०८ मध्ये ते स्वतः जगप्रवासास निघाले. बरोबर त्यांचा मोटारचालक आल्फ्रेद द्युतेर्त्र होता. निघण्यापूर्वी त्याला छायाचित्रणाचे शिक्षण देण्यात आले होते. अमेरिका, जपान, चीन असा प्रवास करून मार्च १९०९ मध्ये दोघे परतले ते छायाचित्रांनी भरलेल्या पेट्या घेऊनच. हे काम हौशी चालकाच्या हातून होण्यासारखे नाही, त्यासाठी धंदेवाईक छायाचित्रकार नेमले पाहिजेत आणि काम वर्षानुवर्षे चालले पाहिजे, हे कान यांच्या लक्षात आले. त्याच वर्षी ओग्यूस्त लेआँ हे पहिले छायाचित्रकार त्यांच्याकडे रुजू झाले.

या उद्योगास एका नव्या शोधाची जोड मिळाली. चलच्चित्राचे जनक म्हणून प्रसिद्ध असलेल्या ल्यूमिएर बंधूंनी लियाँ येथील आपल्या कारखान्यातून १९०७ मध्ये ‘ऑटोक्रोम’ नावाच्या काचा विक्रीस आणल्या. तोपर्यंत रंगीत छायाचित्र म्हणजे बहुधा कृष्णधवल चित्रावर हाताने चढविलेला रंग होय. ऑटोक्रोममध्ये रंग खुद्द काचेवरच उमटे. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी-तांबड्या, हिरव्या व निळ्या-जांभळ्या रंगांत रंगवून ते एकत्र मिसळीत व काचेवर त्यांचा एकेरी थर देत. कणांमधील फटी काजळीसारख्या कोळशाच्या भुकटीने बुजवीत आणि त्यावर प्रकाशाला संवेदनशील असे द्रव्य पसरीत. एका चौरस मिलिमीटरमध्ये असे हजारो कण मावत. प्रकाश आधी या रंगीत कणांतून गाळून मगच द्रव्यापर्यंत पोहोचे आणि काच धुऊन उजेडासमोर धरली की तेच कण पुन्हा चाळणीचे काम करून मूळचा रंग डोळ्यांपर्यंत आणीत. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांतील वाचकांना हे वाचून गंमत वाटेल. बटाट्याचा इतका निरुपद्रवी उपयोग दुसरा क्वचितच झाला असेल.

परंतु या काचेला दोन मर्यादा होत्या. रंगीत कणांचा थर बराचसा प्रकाश अडवी, त्यामुळे लख्ख उन्हातही काच एखादा सेकंद, आणि सावलीत कितीतरी अधिक वेळ, उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळात चालणारा माणूस धूसर होई, धावता घोडा नाहीसाच होई. दुसरे असे की प्रत्येक काच एकमेव असे. तिच्यावरून प्रती काढण्याची सोय नव्हती; फुटली तर चित्र गेलेच. या मंदगतीचा परिणाम संग्रहावर ठसठशीतपणे दिसतो. स्थिर असलेल्या गोष्टी त्यात भरभरून आहेत. देवळे, मशिदी, चर्च, वेशी, पूल, गवताने शाकारलेली घरे, रचून ठेवलेल्या गंजी, दुकानांच्या पाट्या, फळांच्या राशी. माणसे आहेत ती बहुधा उभी किंवा बसलेली, श्वास रोखल्यासारखी कॅमेऱ्याकडे पाहणारी. हालचालीसाठी कान यांनी चलच्चित्राचा आश्रय घेतला आणि त्यांच्या माणसांनी सुमारे १ लाख ८३ हजार मीटर लांबीची फिल्म चित्रित केली. तिला मात्र बहुतांशी रंग नव्हता. म्हणजे जग एकीकडे रंगीत पण थांबलेले आणि दुसरीकडे चालते पण राखाडी, असे दोन तुकड्यांत जमा होत गेले.

कशाचे चित्र घ्यावयाचे, हे ठरविण्याचे काम १९१२ पासून भूगोलतज्ज्ञ झाँ ब्रून यांच्याकडे आले. कान यांच्या देणगीतूनच कोलेज द फ्रान्समध्ये मानवी भूगोलाचे अध्यासन निर्माण झाले आणि त्यावर ब्रून यांची नेमणूक झाली. ब्रून यांचा विचार साधा, पण त्या काळी नवा होता. माणूस पृथ्वीवर जी खूण उमटवितो ती प्रथम घर आणि रस्ता यांतून दिसते, मग शेत व पाळीव जनावरे यांतून, आणि शेवटी खाणी व तोडलेली अरण्ये यांतून. साहजिकच त्यांच्या छायाचित्रकारास राजवाड्याइतकेच झोपडीचे छप्पर महत्त्वाचे होते. ते कशाने शाकारले आहे, भिंत दगडाची की मातीची, खिडकी कोणत्या दिशेला, अंगणात नांगर आहे की जाळे, हे सारे त्यांना हवे होते. प्रवासवर्णनांतील अद्भुताची हौस या माणसाला नव्हती, हे संग्रहाचे भाग्यच म्हणावे लागेल.

याचे उत्तम उदाहरण आयर्लंडचे. १९१३ च्या मे-जूनमध्ये मार्गरीत मेस्पुले व मादलेन मिन्यों-आल्बा या दोन फ्रेंच स्त्रिया ऑटोक्रोमच्या काचा घेऊन तेथे फिरल्या. मेस्पुले या कान यांच्याच शिष्यवृत्तीवर जग पाहून आलेल्या होत्या. आयर्लंडची पहिली रंगीत छायाचित्रे म्हणून त्यांचे काम ओळखले जाते. गॉलवे शहराच्या कडेला क्लाडा नावाची कोळ्यांची जुनी वस्ती होती. तिच्यातील गवती छपरांची, चुन्याने पांढरी केलेली घरे, दारातल्या बायका व त्यांचे तांबडे पेहराव त्यांनी टिपले. १९३० च्या दशकात ही वस्ती पाडण्यात येऊन तेथे नवी घरे बांधली गेली. घरे आरोग्याला अपायकारक ठरली होती, तेव्हा पाडणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण त्या वस्तीचे रंग आज पाहावयाचे तर या काचांखेरीज फारसा उपाय नाही.

स्तेफान पासे हे पूर्वी सैन्यात असलेले छायाचित्रकार याच काळात पूर्वेकडे फिरत होते. चीनमध्ये राजसत्ता संपून प्रजासत्ताक आले त्या १९१२ साली ते तेथे होते. १९१३ मध्ये ते मंगोलियात गेले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस उतरले. पुढे आग्रा, काशी, लाहोर या मार्गाने त्यांनी भारताच्या काचा भरल्या. ताजमहालाची छायाचित्रे त्यापूर्वी पन्नास-साठ वर्षे निघतच होती; त्यांत संगमरवर पांढरा आणि सावली काळी एवढाच भेद होता. उन्हाने तोच संगमरवर किंचित पिवळसर दिसतो, ही साधी गोष्ट सांगावयास रंगाची गरज होती. पासे यांनी दख्खनच्या पठारावरील वाडे, गढ्या व बाजार असेच टिपले असते तर मराठी माणसाच्या हाती केवढा ठेवा लागला असता, ही हळहळ येथे सहज मनात येते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. सप्टेंबरात रेंस येथील प्राचीन कॅथेड्रल जर्मन तोफांच्या माऱ्याने पेटले. कान यांनी आपले काम थांबविले नाही. १९१७ मध्ये फ्रेंच सैन्याच्या छायाचित्र विभागाशी करार करून त्यांनी युद्धभूमीची रंगीत नोंद करविली. पोल कास्तेल्नो व फेर्नां क्युव्हील हे दोघे या कामी होते. ऑटोक्रोमला धावते युद्ध टिपता येत नाही. म्हणून तिच्यात चढाई नाही, स्फोट नाही. त्याऐवजी ढासळलेल्या भिंती, रिकाम्या गल्ल्या आणि विसाव्याला बसलेले शिपाई आहेत. युद्धाची ही बाजू चढाईच्या चित्रांपेक्षा अधिक खरी वाटते.

युद्धाबाहेरही विनाश चालू होता. ब्रून व लेआँ यांनी १९१३ मध्ये बाल्कन प्रदेशात प्रवास केला, त्यात सालोनिका शहर होते. ग्रीक, तुर्क आणि ज्यू तेथे शेजारी शेजारी नांदत होते. ऑगस्ट १९१७ मध्ये लागलेल्या आगीत त्या शहराचा मध्यभाग भस्मसात झाला आणि सत्तर हजारांहून अधिक लोक बेघर झाले. लेआँ यांच्या काचा तेव्हा पॅरिसशेजारी बुलोन्य येथे कान यांच्या घरी सुरक्षित होत्या.

बुलोन्यच्या या घराभोवती कान यांनी सुमारे चार हेक्टरांची बाग केली होती. फ्रेंच बाग, इंग्रज बाग, जपानी बाग, शिवाय बालपणी पाहिलेल्या व्होज पर्वतरांगांची आठवण म्हणून लावलेले रान, असे तिचे भाग होते. येथेच पाहुण्यांना पडद्यावर या काचा दाखविल्या जात. रवींद्रनाथ ठाकूर १९२०-२१ मध्ये कान यांच्या पाहुणचारास येऊन राहिले होते आणि त्यांची ऑटोक्रोम छायाचित्रे याच बागेत घेतलेली आहेत. मात्र येथेच या उद्योगाचे वैगुण्यही उघड होते. जगातील माणसांनी एकमेकांस ओळखावे म्हणून जमविलेली ही चित्रे पाहावयास मिळत ती निमंत्रित विद्वान, मुत्सद्दी व धनिक यांना. ज्या कोळ्यांची, हमालांची, विणकरांची ती होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाहीत. पुष्कळसे प्रवास वसाहतींच्या राज्यकर्त्यांच्या साहाय्याने झाले. काचेखाली स्थळ आणि दिनांक नोंदला गेला, समोरच्या माणसाचे नाव बहुधा नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हे पान वाचणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पंजाबातील कपुरथळा संस्थानचे महाराजा जगतजितसिंग १८७७ मध्ये गादीवर आले. १९२७ मध्ये त्यांच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली, तेव्हा कान यांचे छायाचित्रकार रॉजे द्युमा तेथील समारंभ टिपण्यासाठी गेले होते. महाराजांना फ्रान्सचे इतके वेड की आपला राजवाडा त्यांनी फ्रेंच वास्तुशिल्पी आलेक्सांद्र मार्सेल यांच्याकडून फ्रेंच धर्तीवर बांधून घेतला होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. कान यांची पेढी त्या धक्क्यातून सावरली नाही. ब्रून १९३० मध्ये निवर्तले आणि १९३१ मध्ये छायाचित्रांचे काम कायमचे थांबले. सावकारांनी मालमत्तेवर जप्ती आणली. १९३६ मध्ये सेन प्रांताच्या प्रशासनाने बाग व संग्रह विकत घेतले, म्हणून काचा विखुरल्या नाहीत; पुढच्याच वर्षी बाग लोकांना खुली झाली. कान यांना घरात राहण्याची मुभा मिळाली होती. जून १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याच घरात त्यांचा अंत झाला. सर्व जगाची छायाचित्रे घेवविणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचे छायाचित्र काढून घेणे आवडत नसे. १९१४ मध्ये पॅरिसच्या रिशल्य रस्त्यावरील पेढीच्या सज्जात उभे असलेले त्यांचे एक चित्र काय ते प्रसिद्ध आहे. ते जॉर्ज शव्हालिए यांनी घेतले होते.

धनी गेल्यावरही याच शव्हालिए यांनी कित्येक वर्षे काचा सांभाळल्या. आता तेथे संग्रहालय आहे. जपानी वास्तुशिल्पी केंगो कुमा यांनी आखलेल्या नव्या इमारतीसह ते एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा उघडले. प्रेक्षकांपुढे असतात त्या प्रतिमा संगणकावर उतरविलेल्या. बटाट्याच्या कणांवरील रंग उजेडाने विटतो, म्हणून मूळ काचा अंधारात ठेवलेल्या आहेत.