टीआय-९९/४ए कार्ट्रिज : दुर्मिळतेची पारख

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) या अमेरिकन कंपनीच्या टीआय-९९/४ए (१९८१) या गृहसंगणकात खोचून वापरायची, चिपवर प्रोग्रॅम साठवलेली प्लॅस्टिकची डबी. संग्राहकांच्या याद्यांत अशा डब्यांना दुर्मिळतेचे क्रमांक दिलेले असतात. मात्र क्रमांक म्हणजे किंमत नव्हे. स्कॉट, फोर्समन या शैक्षणिक प्रकाशकाची कार्ट्रिजे ‘पार्सेक’ या खेळापेक्षा कमी दिसतात, पण गणिताच्या धड्यांसाठी झुंबड उडत नाही.

दुर्मिळतेचे मूळ बहुधा व्यापारात सापडते. कमोडोर या प्रतिस्पर्धी संगणक-कंपनीशी झालेल्या किंमतयुद्धात टीआयला मोठा तोटा झाला आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये तिने गृहसंगणकांचा व्यवसाय सोडत असल्याचे जाहीर केले. त्या सुमारास तयार होत असलेले काही प्रोग्रॅम थोड्याच प्रतींत बाहेर पडले, काही नमुन्यापुरतेच राहिले. त्याच वर्षीच्या काही यंत्रांत टीआयच्या ‘ग्रोम’ या खास स्मृती-चिपवाचून बनवलेली इतरांची कार्ट्रिजे चालत नाहीत. तेव्हा कार्ट्रिज बिघडले असे ठरवण्यापूर्वी ते जुन्या यंत्रावर लावून पाहावे.

लेबल आज घरीही छापता येते, म्हणून खरी परीक्षा कवच उघडल्यावरच होते. कारखान्याच्या मोठ्या उत्पादनात सहसा मास्क रॉम (कारखान्यातच प्रोग्रॅम कायमचा कोरलेली चिप) असते. काचेची खिडकी असलेली ईप्रॉम (प्रोग्रॅम पुसून पुन्हा भरता येणारी चिप) आढळल्यास ती चाचणी-प्रत, लहान उत्पादकाचा माल किंवा निव्वळ नक्कल असू शकते. चिपवरचा तारीख-संकेत जुना असणे हा पुरावा अपुराच, कारण जुन्या कोऱ्या ईप्रॉमवर आजही प्रोग्रॅम भरता येतो. सोल्डरिंग आणि सर्किट-पट्टीवरील खुणा अधिक बोलक्या असतात.