बिल मागणाऱ्यांचा इतिहास

तालुक्याच्या गावात बातमीदारी करतो. पूर्वी लोक माझ्याकडे सातबारा नाहीतर विम्याचे कागद घेऊन यायचे. आता दवाखान्याची बिलं घेऊन येतात. "एवढं कसं झालं हो?" हा एकच प्रश्न. बहुतेकांनी तो काउंटरवर विचारलेलाच नसतो. माणूस वाचला, आता पैशावरून कुठं वाद घालायचा, हा आपला स्वभाव. म्हणून आज जरा इतिहास सांगतो. बिलाबद्दल जे चार हक्क आज आपल्याकडे आहेत, ते कुणी आपण होऊन दिलेले नाहीत. कुणीतरी विचारलं म्हणून मिळालेत.

आपल्याकडे खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा. त्यात भर नोंदणीवर. पेशंटच्या बिलाची फिकीर त्यात नव्हती. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, तेव्हा वाद सुरू झाला की पैसे देऊन उपचार घेणारा पेशंट हा ग्राहक आहे की नाही? डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं, नाही. १३ नोव्हेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता खटल्यात निकाल दिला की आहे. त्या दिवसापासून दवाखान्याचं बिल म्हणजे एका सेवेची पावती झाली, आणि ती घेऊन ग्राहक मंचात जाता येऊ लागलं.

दुसरी गोष्ट धर्मादाय हॉस्पिटलांची. नावात ट्रस्ट आणि बिल मात्र पंचतारांकित, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. विश्वस्त कायद्यात गरीब पेशंटसाठी कलम ४१ कक होतं, पण अंमल कागदावरच. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि २००६ मध्ये योजना ठरली. १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम याच कामासाठी वेगळ्या खात्यात. म्हणजे बिल भरणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या पैशातूनच हा निधी उभा राहतो. तरी ॲडमिट होताना "तुम्ही या योजनेत बसता का?" असं आपल्याला कितीजण विचारतात?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. हृदयात बसवायच्या स्टेंटची किंमत बघून बिरेंदर सांगवान या वकिलाला प्रश्न पडला, आणि ते दिल्ली हायकोर्टात गेले. पुढे २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवली. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६००. हा दुसरा त्याआधी सव्वा लाखाच्या आसपास मिळत होता! वस्तू तीच, डॉक्टर तेच. बदललं एवढंच की एकाने बिलातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

मग कोविड. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले. दिवसाला साधा वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर ९,०००. जून २०२१ मध्ये गावाप्रमाणे तीन गट पाडले आणि आमच्यासारख्या छोट्या गावांचा वॉर्डाचा दर २,४०० वर आला. बिलं तपासायला ऑडिटर नेमले, आणि कित्येकांना जास्तीचे पैसे परत मिळाले. ज्यांनी तक्रार केली नाही, ज्यांच्याकडे पक्कं बिलच नव्हतं, त्यांचे गेले ते गेलेच.

पण हे दर कायमचे नव्हते. कोविड नसलेल्या पेशंटचे दर सरकारला बांधता येणार नाहीत, असं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२० मध्येच सांगितलं होतं. मग आज आपल्या हातात काय उरलं? जानेवारी २०२१ चे शुश्रूषागृह नोंदणी नियम. त्याप्रमाणे खासगी हॉस्पिटलने रुग्णहक्कांची सनद आणि १५ प्रकारच्या सेवांचे दर दिसतील असे लावायचे आहेत. लक्षात घ्या, दर किती असावा हे सरकार सांगत नाही. दर लपवू नका, एवढंच सांगतं. आता तो फलक वाचायचा आणि बिलाशी ताडून बघायचा, हे काम आपलं.

म्हणून चार गोष्टी:

१. ॲडमिट होतानाच खर्चाचा अंदाज लेखी मागा. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. महात्मा फुले योजनेत ते हॉस्पिटल आहे का, हेही तेव्हाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

२. "एकूण एवढे झाले" अशी चिठ्ठी घेऊ नका. तपशीलवार बिल घ्या. खाटेचे दिवस मोजा. ग्लोव्हज, सिरिंज किती लावल्यात बघा. स्टेंट किंवा गुडघ्याची वाटी बसवली असेल तर तिचं स्टिकर आणि वेगळं बिल मागा.

३. औषधं हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्या, अशी सक्ती करता येत नाही. बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. दोन्ही गोष्टी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केलेल्या रुग्णहक्क सनदेत आहेत.

४. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, बाकी जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. ट्रस्टचं असेल तर धर्मादाय आयुक्त. पैशाचा वाद मोठा असेल तर ग्राहक आयोग.

कुणी म्हणेल, डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा का? अजिबात नाही. आमच्याच गावात अडीअडचणीला बिलाचे पैसे सोडून देणारे डॉक्टर आहेत. सोनाराकडून आपण घडणावळ वेगळी लिहून घेतो, तेव्हा तो रागावतो का? चोख हिशेब देणाऱ्याला हिशेब मागितल्याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याचं बिल दोनदा वाचा.