पाठीचा कणा आणि पिसांची गादी

आरंभीच्या मोटारसायकलींचे मागचे चाक चौकटीला घट्ट जखडलेले असे. खड्ड्याचा हादरा थेट मणक्यात. आधार काय तो सीटखालच्या स्प्रिंगांचा. 'इंडियन' कंपनीने १९१३ मध्ये मागे पाट्यांच्या स्प्रिंगा बसवल्या खऱ्या, पण मागचे चाक हलते ठेवल्यास गाडी वळणावर डगमगेल, ही शर्यतवाल्यांची धास्ती दीर्घकाळ टिकली. कंबर मोडली तरी चालेल!

बेलफास्टच्या मॅककॅन्डलेस बंधूंनी नॉर्टनसाठी झुलत्या भुजेची चौकट रचली. हॅरल्ड डॅनियल या स्वाराने तिला पिसांच्या गादीची उपमा दिली. 'फेदरबेड' हे नाव त्यातूनच रूढ झाले. १९५० मध्ये जेफ ड्यूकने तिच्यावर सीनियर टीटी जिंकली, तेव्हा जुन्या आक्षेपाला फारसा अर्थ उरला नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना मात्र मागचे सस्पेन्शन मिळायला १९५८ उजाडले.