दिवस कासराभर

पाठीवर सुंभाचे वळ उठलेत, ते आधी चोळून घ्या. रात्रभर ज्या बाजेवर झोपलात तिच्यावर गादी नव्हती, नुसतं घोंगडं होतं आणि त्याखाली अंबाडीच्या सुंभाची वीण. पायगतीला जो दोर खालीवर ओवलेला दिसतो, तो उगाच नाही. बाज झोळीसारखी खोल गेली की घरातला म्हातारा चौकटीला पाय लावतो, दात-ओठ खात तो दोर ओढतो, आणि बाज पुन्हा ताठ. एवढ्यासाठी सुताराच्या दारात जायची गरज नाही.

साल १९२३. नगर जिल्ह्यात, सीनेच्या काठावरचं एक गाव. उद्या पोळा. पावसाने उघडीप दिलीय आणि दिवस कासराभर वर आलाय. खिसे चाचपू नका. रबरबँड, चिकटपट्टी, प्लास्टिकची पिशवी यांतलं काही इथे सापडायचं नाही. नायलॉनचं नाव जगाच्या कानावर पडायलाच अजून पंधरा वर्षं आहेत. लोखंडाला पैसे मोजावे लागतात, दोर मात्र गावातच वळला जातो. म्हणून इथे जे काही एकमेकांना धरून आहे, ते बहुतेक सगळं बांधलेलं आहे. कुडाच्या काठ्या, छपराचे वासे, गाडीच्या साट्या, दाराचं कवाडसुद्धा.

आत या, पण वाकून. डोक्याला लागलं ते शिंकं. त्यात दह्याचं मडकं आहे, वर झाकण, झाकणावर दगड. खाली मांजर बसलंय, त्याला हिशेब कळलेला आहे. कोपऱ्यात घरधनीण ताक घुसळतेय. रवी खांबाला अडकवलेली, तिच्याभोवती दोरीचे दोन-तीन वेढे, दोन्ही टोकं दोन मुठींत. उजवा हात मागे गेला की डावा पुढे येतो, आणि रवी एकदा इकडून फिरते, एकदा तिकडून. दोरी कापसाची आहे, मऊ. अंबाडीची असती तर लोणी येईस्तोवर हात सोलून निघाले असते. कुठल्या कामाला कुठला धागा, हे या घरात कुणी कुणाला शिकवत बसत नाही. रांगणाऱ्या पोराच्या कमरेला काळा करदोटा, पोरीच्या वेणीला सुती आगवळ, आजीच्या मनगटाला कुणा देवाचा गंडा. काल आणलेल्या सामानाच्या पुड्यांचे दोरे आजी सोडवतेय. ती दोरा तोडत नाही, गाठ नखाने उकलते. मग तो बोटाभोवती गुंडाळून कोनाड्यात ठेवते, तिथे तसल्या दोऱ्यांचा एक गुंडा आहे. त्यातलाच तुकडा उद्या कुणाच्या वाकळेत जाईल, कुणाच्या तुटलेल्या वहाणेत.

गोठ्यात मात्र नीट पाहा, कारण शेतकऱ्याची खरी दौलत इथे दोराला बांधलेली आहे. बैलाच्या नाकातून गेलेली ती वेसण. डोक्याभोवती फिरलेली ती मोरखी. खुंट्याला बांधायचं ते दावं. आणि वेसणीपासून हाकणाऱ्याच्या हातापर्यंत येतो तो कासरा. बैलाची ताकद तुमच्या दसपट, पण बोटभर जाडीच्या या दोरीने तो वळतो, थांबतो, मागे सरतो. मळणीच्या वेळी हेच बैल कणसांवरून गोल फिरतील तेव्हा तोंडाला जाळीची मुसकी असतील, नाहीतर अर्धं खळं त्यांच्याच पोटात जाईल. मला विचाराल तर नांगराच्या फाळाचं कौतुक पुस्तकांतून फार झालं. फाळाला बैलापर्यंत पोचवणारा दोर तसाच राहिला.

बाजरीत पाखरं उतरलीत. मचाणावरची पोरगी गोफण फिरवतेय; एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं नुसतं चिमटीत धरलेलं. ते सुटलं की दगड गेलाच म्हणून समजा. तिच्या बांधाला उभी आहे ती हिरवी अंबाडी. दुपारी भाकरीबरोबर जी आंबट भाजी मिळेल ती याच झाडाच्या पाल्याची. फुलं आल्यावर झाडं कापतील, पेंढ्या बांधून पाण्यात बुडवतील, वर दगड ठेवतील. आठ-दहा दिवसांत साल कुजून सुटते आणि त्या डबक्याच्या आसपास नाक उघडून फिरता येत नाही. मग सोलायचं, आपटायचं, धुवायचं, वाळवायचं. पाला पोटात, साल दोरात, उरलेल्या काड्या चुलीत.

विहिरीवर मोट चालू आहे. जरा थांबा, कारण यापेक्षा हुशार दोरकाम तुम्हाला या गावात दिसायचं नाही. चामड्याची मोट, तिच्या तोंडाला जाड नाडा आणि खालच्या सोंडेला बारीक सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून जातो, सोंदूर खाली थारोळ्याच्या तोंडाशी फिरणाऱ्या आडव्या लाकडावरून. दोन्ही दोर एकाच जुवाला. मोट वर येताना सोंड दुमडून तोंडाच्या बरोबरीने वर राहते, म्हणून पाणी सांडत नाही. काठावर आली की नाडा तोंडाला आणखी वर ओढतो आणि सोंदूर सोंडेला थारोळ्यात आणतो. पाणी आपोआप धो धो ओतलं जातं. वर उभं राहून मोट उलटी करायला माणूस लागत नाही. सगळी करामत दोन दोरांच्या लांबीतल्या फरकात आहे. सोंदूर हातभर लांब पडला तर सोंड वाटेतच लोंबते आणि विहिरीचं पाणी विहिरीत. बैल धावेवरून उतरू लागले की मोटकरी चक्क नाड्यावर बसतो, स्वतःचं वजनही ओढीला लावतो, आणि गळा मोकळा करून गातो.

हा नाडा ज्याने वळला, तो मात्र या विहिरीवर येऊ शकत नाही.

त्याच्याकडे जायला गावाबाहेर चला. मांगवाडा. लिंबाच्या सावलीत एक माणूस मांडीवर वाख वळतोय, घायपाताचा. घायपाताची ती काटेरी, जाड पानं बांधाबांधाला दिसली असतील. ठेचून, कुजवून त्यातून हा पांढरा वाख काढतात. रस अंगाला लागला की खाज सुटते, ती त्याच्या कोपरांवर दिसतेच आहे. दोराचे तीन पेड तयार आहेत, एका टोकाला झाडाला बांधलेले. बायको दुसऱ्या टोकाला लाकडी आकड्याने पीळ भरतेय. तो तुमच्याकडे बघतो, तुमच्या चपला बघतो, कोण-कुठले विचारावं की नाही याचा अंदाज घेतो.

“पाव्हणं, टोक धरता का? पोरगं लाकडाला गेलंय.”

तुम्ही धरता.

“नुस्तं धरू नका, ताण द्या.”

ताण देता तेव्हा कळतं की हातातला वाख जिवंत आहे. तो उलटा फिरून तुमच्या मुठीतून सुटू बघतोय. खरी युक्ती तिथेच. प्रत्येक पेडाला पीळ एका दिशेने भरलेला, आणि तिन्ही पेड एकमेकांवर बसवायचे ते उलट्या दिशेने. पेड सुटायला बघतो तसा दोर घट्ट होतो, दोर सुटायला बघतो तसे पेड घट्ट होतात. ना गोंद, ना खिळा. तो तिन्ही पेडांमध्ये खाचा पाडलेलं लाकूड धरून मागे मागे सरकतोय आणि त्याच्या पुढ्यात दोर बनत चाललाय. लांबी मोजतो ती दोन्ही हात फाकवून, वावांनी. शेवटी पाण्याचा हात फिरवून काथ्याने दोर घासतो, कुसं काढतो, कारण उद्या हा बैलाच्या गालाला लागणार आहे.

या वस्तीची पोरं शाळेत कुठे बसतात हे विचारू नका. पण एवढं लक्षात असू द्या, की “ज्ञानोदय” हे पत्र १८४२ साली याच नगरात सुरू झालं आणि १८५५ साली त्याच पत्रात मुक्ता नावाच्या मांग मुलीचा निबंध छापून आला होता. जोतीराव फुल्यांच्या शाळेतली ती मुलगी, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांचं दुःख तिने जसं मांडलं तसं तोवर कुणी मांडलं नव्हतं. त्यालाही आता अडुसष्ट वर्षं झाली. आणि गेल्याच महिन्यात, ऑगस्टात, मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झालाय: सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. इथवर ती बातमी आलेली नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह अजून साडेतीन वर्षं दूर आहे. दोर वळणाऱ्याच्या बायकोची घागर विहिरीपासून अंतरावर ठेवलेली आहे; कुणी वाढलं तर पाणी. कुणबिणीचा पोहरा ज्या दोराने वर येतो तो तिच्या नवऱ्याच्या मांडीवर वळलेला. दोराला विटाळ नाही. पुष्कळ वर्षं विचार करूनही मला या हिशेबाची वजाबाकी जमलेली नाही.

ऊन कललं. बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं चाललंय, खांदेमळणी. दारात तो आला, खांद्यावर नवे कासरे, वेसणी, मोरख्या, दावी. हातात देत नाही. अंगणाच्या कडेला जमिनीवर ठेवतो आणि चार पावलं मागे सरतो. मग शेतकरी पुढे होऊन उचलतो. जुनी दावी पोराने आधीच सोडून ठेवलीत. तीही फेकायची नाहीत. चांगले तुकडे मोळी बांधायला, झिजलेले राखेबरोबर भांडी घासायला, आणि अगदीच गेलेला सुंभ एका टोकाला पेटवून ठेवला की दिवसभर धुमसत चिलमीला विस्तव पुरवतो.

शेतकरी नवा कासरा दोन्ही हातांनी झटकून ताणतो. पेड मोजतो. अंगठ्याने पीळ चाचपतो.

“औंदा बारीक वळला का रं?”

“न्हाई मालक, तेवढाच हाय. ताणून बघा की.”

ताणून बघतो. हलत नाही. तरी बोलायचं म्हणून बोलतो, “गेल्या साली जाड होता.”

दोर वळणारा खाली बघत कपाळाचा घाम पुसतो. आवाज चढवत नाही, पण सांगायचं ते सांगतो.

“गेल्या साली खळ्यावर पाटी शिगंला भरली व्हती, मालक. औंदा बी तशीच भरा म्हंजी झालं.”