उफाड्याची पोर

बारामती-इंदापूरकडच्या शाळांतून मी आजवर अनेक वर्ग शिकविले. प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावली, की सहावी-सातवीत मागच्या टोकाला बहुधा मुली उभ्या राहतात. नववी-दहावीत तीच जागा मुलगे घेतात. निसर्गाचा हा हिशेब गावाला दिसतो. पण त्याचा अर्थ गाव आपल्या सोयीने लावते. "पोर उफाड्याची आहे, आता स्थळ पाहा," हा सल्ला आमच्याकडे अजून कानी येतो.

वाढीचा पद्धतशीर हिशेब पहिल्याप्रथम ठेवला तो एका फ्रेंच बापाने. मोंबेयार याने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची मोजून टिपून ठेविली. वयात येताना मूल एकाएकी झेप घेते, हे त्या टिपणावरून कळले. पुढे शंभर वर्षांनी बोस्टनच्या डॉ. बाउडिच यांनी हजारो शाळकरी मुलामुलींची मापे घेतली. तेव्हा तेराव्या वर्षाच्या सुमारास मुली काही काळ मुलांहून उंच असतात, हे आकड्यांनी सिद्ध झाले. मुलीची झेप बाराव्या वर्षाच्या आसपास येते, मुलाची सुमारे दोन वर्षांनी. झेपेपूर्वी वाढायला मुलाला ही दोन वर्षे जास्त मिळतात, म्हणून अखेर तो उंच ठरतो.

परंतु मुलीची उंची आधी भरते. कमरेचे हाड पुरते रुंदावायला आणखी काही वर्षे लागतात. आमचे पूर्वज इथेच फसले. आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. मूल दहाच दिवस जगले. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या याच दुःखातून.

कायदा मात्र सावकाश चालला. १८९१ साली संमतिवय दहाचे बारा झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचे वय मुलीला चौदा, मुलाला अठरा ठरविले. १९७८ साली ते अठरा आणि एकवीस झाले.

नीरेच्या कालव्यावर ऊस पुरुषभर वाढला, म्हणून कोणी लगेच कोयता लावीत नाही. साखर भरेपर्यंत थांबतो. उसापुरता धरतो तो धीर लेकीपुरता का धरू नये?

वाचकहो, या दिवाळीत मुलीचा गेल्या वर्षीचा झगा आखूड झाला असेल, तर नवा शिवून घ्या. ती स्थळ पाहण्याची खूण नव्हे.