पिंजरा आणि कणा

मोटारीचा इतिहास म्हणजे वेगाचा इतिहास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जरा खोलात शिरून पाहिले, तर तो बराचसा वजनाचा इतिहास आहे असे आढळून येते. बैलगाडीत ओझे किती भरावे हे आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. पण गाडीचे स्वतःचे ओझे किती असावे? या प्रश्नाला इंग्लंडातील दोन कारखान्यांनी अवघ्या एका वर्षाच्या अंतराने दोन निराळी उत्तरे दिली. ऑक्टोबर १९६२ मध्ये लोटस कंपनीची ‘एलान’ ही दोन माणसांची चपळ मोटार लोकांपुढे आली आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये रोव्हर कंपनीची ‘२०००’ ही चार माणसांची सुखासीन मोटार. एक पाखरासारखी, दुसरी दिवाणखान्यासारखी. खरा फरक होता तो विचारांत.

रोव्हरचे घराणे जुने. कॉव्हेन्ट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आणली, आणि ती इतकी गाजली की पोलिश भाषेत सायकलला आजही ‘रोवेर’ असेच म्हणतात. पुढे कारखाना मोटारींकडे वळला. दुसऱ्या महायुद्धानंतरची त्याची मोटार डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर अशा प्रतिष्ठित मंडळींची गाडी होती. ती इतकी पोक्त, इतकी भरवशाची, की इंग्रज तिला लाडाने ‘मावशी’ म्हणत! असल्या घरात ‘२०००’ जन्मावी हे नवलच. परंतु काळ पालटला होता. कंपन्यांतून तरुण अधिकाऱ्यांचा नवा वर्ग उदयास येत होता. त्याला मावशीची अदब हवी होती, पण मावशीचा संथपणा नको होता.

स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफोर्ड या अभियंत्यांनी म्हणून नव्याने विचार केला. त्यांनी पोलादी पत्र्याचा एक भक्कम पिंजरा घडविला, त्यालाच इंजिन, चाके आणि आसने जोडली, आणि बाहेरचे सुबक पत्रे नुसते बोल्टांनी वर बसविले. अंगरखा काढावा तसे हे पत्रे उतरविता येत, आणि ते उतरविले तरी गाडी चालत असे! चारही माणसे या पिंजऱ्याच्या आत बसत. सुकाणूची यंत्रपेटी इंजिनाच्या मागे उंचावर ठेवली होती. हेतू हा, की समोरून टक्कर झालीच, तर सुकाणूचा दांडा चालकाच्या छातीत घुसू नये. १९६४ साली ‘युरोपातील वर्षाची उत्कृष्ट मोटार’ हा बहुमान प्रथमच देण्यात आला, तो याच गाडीला.

लोटसचे कुळ पाहू गेल्यास ते अगदीच कालपरवाचे. कॉलिन चॅपमन या तरुणाने १९४८ मध्ये एका जुन्या ऑस्टिन मोटारीवरून आपली पहिली गाडी तयार केली. वडिलांच्या हॉटेलामागील तबेला हा त्याचा पहिला कारखाना, आणि १९५२ साली भावी पत्नीकडून उसने घेतलेले २५ पौंड हे भांडवल. गरिबाच्या संसारात एकही वस्तू अनाठायी नसावी, तसा चॅपमनचा यंत्राविषयीचा दंडक होता. ज्या भागावाचून चालते तो काढून टाकावा. जो राहील त्याच्याकडून दोन कामे करून घ्यावी.

एलानमध्ये या दंडकाचे सार आहे. गाडीच्या मधोमध पोलादी पत्र्याचा एक पोकळ कणा. दोन्ही टोकांना तो बेचक्यासारखा फाटलेला; पुढच्या बेचक्यात इंजिन आणि मागच्यात मागील चाकांची यंत्रणा. या कण्याचे वजन सुमारे ३४ किलो, म्हणजे धान्याच्या अर्ध्या पोत्याहून कमीच. वर फायबरग्लासचे हलके कवच, आणि कण्याच्या एका बाजूस एक याप्रमाणे दोन आसने. सगळी गाडी सुमारे पावणेसातशे किलो भरे. रोव्हर जवळपास तिच्या दुप्पट. रोव्हरच्या ९० अश्वशक्तींपैकी प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १४ किलो ओझे येई, एलानच्या १०५ अश्वशक्तींना प्रत्येकी साडेसहाच. इंजिन १,५५८ घनसेंटिमीटरचे, म्हणजे रोव्हरच्या १,९७८ पेक्षा बरेच लहान. तरी धावण्यात पुढे कोण, हे सांगावयास नकोच.

या गाडीची आणखी एक गंमत होती. सुट्या भागांच्या रूपाने घेतलेल्या मोटारीवर ब्रिटनमध्ये खरेदीकर लागत नसे. तेव्हा पुष्कळ गिऱ्हाईक एलानचे भाग घरी आणून स्वतःच्या हाताने जुळवीत. १९७३ मध्ये करपद्धती बदलली आणि ही सवलत सरली.

आता कोणी म्हणेल, एक सुखासाठी आणि दुसरी वेगासाठी, यात नवल ते काय? नवल असे, की दोन्ही गाड्यांच्या मुळाशी एकच शास्त्र होते. चाकाबरोबर वरखाली होणारे ओझे जितके कमी, तितके चाक रस्त्याला चिकटून राहते आणि आतल्या माणसाला धक्के कमी बसतात. रोव्हरने मागचे ब्रेक चाकांतून काढून आत, गाडीच्या अंगाला बसविले ते याचसाठी. उलट एलानला मऊ स्प्रिंगा देता आल्या त्या तिचा कणा ताठ होता म्हणून. तिच्यात बसणाऱ्याला खडबडीत रस्ताही फारसा जाचत नसे. सुखासीन गाडीने हलकेपणाचा धडा गिरविला होता, आणि हलक्या गाडीने सुखाचा.

भेद उरतो तो एकच, पण मोठा. पिंजऱ्यात माणूस आत असतो; कण्याजवळ तो बाहेर असतो. वाचविलेल्या प्रत्येक किलोची किंमत कोणीतरी मोजीत असतो. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्यांनी जगज्जेतेपदे मिळविली, आणि त्या फार नाजूक असल्याचा आरोपही सदैव ओढवून घेतला. १९७० साली मोन्झा येथे सरावाच्या वेळी योखेन रिंट हा ऑस्ट्रियन चालक लोटसमध्ये मरण पावला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला असावा असे मानले गेले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. पण पिंजराही सर्वसमर्थ नसतो. १३ सप्टेंबर १९८२ रोजी मोनॅकोची राजकुमारी ग्रेस हिची रोव्हर डोंगरउतारावरून खाली कोसळली. राजकुमारी दुसऱ्या दिवशी वारली. शेजारी बसलेली मुलगी मात्र बचावली.

पुढे दोन्ही घरांचे वासे फिरले. रोव्हरचा मोटारधंदा एप्रिल २००५ मध्ये बुडाला. २००८ साली मुंबईच्या टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या, त्यांबरोबर ‘रोव्हर’ हे नावही त्यांच्याकडे आले. मावशी शेवटी आपल्या घरी आली म्हणावयाचे! लोटस २०१७ मध्ये चिनी मालकाकडे गेली. एलानचा धडा मात्र जपान्यांनी मनापासून गिरविला. १९८९ ची माझ्दा ‘एमएक्स-५’ ही त्या विद्येची साक्षात शिष्या होय.

आणि दैवाचा खेळ पाहा. आज तेच लोटस विजेवर चालणारी, अडीच टनांच्या आसपास वजनाची थोराड गाडी विकत आहे. बॅटरीचे ओझे, सुरक्षिततेचे ओझे आणि हौसेचे ओझे, अशी तिन्ही ओझी मोटारीवर चढली आहेत. त्यांतली पहिली दोन टाळता येत नाहीत. तिसऱ्याचा विचार मात्र गाडी घेणाऱ्यानेच करावयाचा आहे. आपल्याला खरोखर किती गाडी लागते, हा प्रश्न ६० वर्षांपूर्वी त्या दोन कारखान्यांनी प्रामाणिकपणे विचारला होता. उत्तरे निराळी आली, पण एकही पत्रा उगाच लावलेला नव्हता.