गाणं बंद कोणी केलं?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण १९६०च्या दशकातल्या निषेधगीतांबद्दल बोललो. आज चाळीस वर्षं पुढे येऊ या आणि एकच प्रश्न घेऊ या. सरकारने कोणाच्या तोंडावर हात ठेवला नाही, तरी त्याचा आवाज बंद होऊ शकतो का?

१० मार्च २००३. लंडनचं शेफर्ड्स बुश एम्पायर हे नाट्यगृह. टेक्सासमधून पुढे आलेला, तिघी जणींचा ‘डिक्सी चिक्स’ हा कंट्री संगीताचा ग्रुप गातोय. इराकवरचा हल्ला दहा दिवसांवर आलाय. मुख्य गायिका नॅटली मेन्स दोन गाण्यांच्या मधे बोलून जाते, की आम्हाला हे युद्ध नको आणि अध्यक्ष आमच्या टेक्सासचे आहेत याची लाज वाटते. बस्स, एवढंच.

बातमी अमेरिकेत पोचली आणि गहजब झाला. रेडिओ स्टेशनांवर संतापलेल्या श्रोत्यांचे फोन सुरू झाले. लुइझियानात तर लोकांनी सीडी ट्रॅक्टरखाली चिरडल्या. त्याच महिन्यात त्यांचं ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’ हे गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं होतं. आता बघा, गाणं कशाबद्दल? व्हिएतनामला गेलेल्या आणि परत न आलेल्या कोवळ्या शिपायाबद्दल, त्याची वाट पाहणाऱ्या मुलीबद्दल. शिपायाचं दुःख गाणाऱ्यांनाच शिपायांचे शत्रू ठरवलं गेलं! मेन्सने अध्यक्षांबद्दलच्या शब्दांची माफी मागितली, पण गाणं यादीतून घसरलं ते घसरलंच.

इथे कोणी म्हणेल, श्रोत्यांनाही स्वातंत्र्य आहेच की. नको असेल तर ऐकणार नाहीत. अगदी मान्य. पण रेडिओचं बटण आपण स्वतः फिरवणं वेगळं आणि दुसऱ्याने बटणच काढून नेणं वेगळं. १९९६पर्यंत अमेरिकेत एका कंपनीला देशभरात मोजकीच रेडिओ स्टेशनं ठेवता येत. त्या वर्षीच्या दूरसंचार कायद्याने ही देशव्यापी मर्यादा उठवली. काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे बाराशेहून जास्त स्टेशनं आली. ‘आम्ही वरून बंदीचा हुकूम काढलेला नाही,’ असं त्या कंपनीचं म्हणणं होतं. क्युम्युलस कंपनीने मात्र आपल्या कंट्री स्टेशनांवर महिनाभर ही गाणी बंद ठेवली. जुलै २००३मध्ये सिनेटच्या समितीपुढे याची सुनावणी झाली. अध्यक्षस्थानी होते जॉन मॅकेन, स्वतः युद्धाचे समर्थक. तरीही त्यांनी या बंदीवर कडक टीका केली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. समोरच्याचं मत पटत नसतानाही त्याचा आवाज राखणं, ही लोकशाहीची खरी परीक्षा.

अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, कंपनीचे नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९मध्येच सांगून ठेवलं होतं, की समाजाच्या मताची जुलूमशाही ही राजाच्या जुलमाइतकीच, कधी त्याहूनही जास्त, खोल जाते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वाळीत टाकणं. तुरुंग नाही, दंड नाही, फक्त कोणी बोलायचं नाही. २००३मध्ये एवढाच फरक पडला, की गावाच्या पंचांच्या जागी कंपनीचं मुख्यालय आलं.

पुढे २००७मध्ये याच तिघींना पाच ग्रॅमी मिळाले. त्यातले तीन ‘नॉट रेडी टू मेक नाइस’ या, त्याच वादावरच्या गाण्याला. २०१५ साली क्लीव्हलंडमध्ये कृष्णवर्णीय आंदोलकांनी केन्ड्रिक लमारच्या ‘ऑलराइट’चं धृपद रस्त्यावर म्हटलं. ते गाणं घराघरांत पोचायला एकट्या रेडिओची गरज उरली नव्हती, ते फोनवर होतं. मग प्रश्न सुटला का? मला तसं वाटत नाही. फोनवरचं संगीतही आज मोजक्याच कंपन्यांच्या हातात आहे. म्हणून गाणं ऐकू येईनासं झालं, तर सरकारकडे बोट दाखवण्याआधी एकदा विचारा, बटण कोणाच्या हातात आहे?

पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.